उंदिरवाडे साहेबांचं नेटवर्क

"सध्या एक नेटवर्कचं काम हाती घेतलंय," असं प्रफुल उंदिरवाडे चहाच्या टपरीवर बोलून गेले. त्यापुढे आणखी एकच वाक्य बोलायला हवं होतं. ते बोलले नाहीत. गंभीर चेहरा करून त्यांनी चहावर फुंकर मारली, आणि पुढचं सगळं लचांड त्या फुंकरीतून निघालं.

समोर लहानू बसला होता. लहानू म्हणजे पळसटोल्याचा निवृत्त कोतवाल. गावात दवंडी देणं हे त्याचं सरकारी काम होतं. नोकरी संपली, सवय राहिली.

काम काय होतं ते इथेच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे वाचणाऱ्याची तरी फसगत व्हायला नको. चामोर्शीहून आष्टीकडे जाताना, पळसटोल्याच्या चौकापलीकडे रस्त्याला लागून नूर मोहम्मद शेठचं ट्रकांचं वर्कशॉप आहे. उंदिरवाडे साहेब तिथले मेंटेनन्स सुपरवायझर. या रस्त्याने लोहखनिजाचे ट्रक सारखे धावतात. त्यातल्या एकाचं चाक धावता धावता निखळलं आणि एकटंच पुढे जाऊन धानाच्या बांधीत बसलं. कोणाला लागलं नाही. पण ट्रकवाल्या कंपनीने नियम काढला, की यापुढे प्रत्येक चाकाचा प्रत्येक नट मशीननेच आवळायचा आणि किती आवळला तो आकडा वर्कशॉपच्या कॉम्प्युटरवर दिसला पाहिजे. नाही दिसला तर ट्रक दुसऱ्या वर्कशॉपला.

शेठने नागपुरातून नट आवळायची विजेची गन आणली. गन एका जाड वायरीने डब्याला जोडलेली. हा डबा म्हणजे कंट्रोलर. नट पुरेसा आवळला गेला की तो गन थांबवतो आणि हिरवा दिवा लावतो. त्याने मोजलेला आकडा कॉम्प्युटरपर्यंत न्यायचा तर डब्याच्या पाठीत एक छोटं कार्ड बसवायचं, त्याचं नाव नेटवर्क मॉड्यूल. कार्ड बसवा, वायर जोडा, चार आकडे भरा, संपलं. पुण्याहून आमचा माणूस येऊन बसवून देईल, असं मशीनवाल्यांनी सांगितलंही होतं.

पण "पुण्याहून माणूस" हे शब्द साहेबांना झोंबले. त्यांच्या फाटकावर 'इंजि. प्रफुल उंदिरवाडे' अशी पाटी होती, आणि तिच्यात 'इंजि.' हे नावापेक्षा ठळक होतं.

"शेठ, चार स्क्रू खोलायला पुण्याचा माणूस आणायचा, हा माझ्या डिप्लोमाचा अपमान आहे," साहेब म्हणाले. साहेब बाहेर शुद्ध बोलत. घाबरले, की मात्र त्यांची भाषा चामोर्शीच्या आठवडी बाजारात परत येई.

"प्रफुलभाऊ, मले त्यातलं काई समजत नाई," नूर मोहम्मद शेठ म्हणाले. "गाडी निघाली पाह्यजे, बस."

आता पळसटोल्यात 'नेटवर्क' या शब्दाला एकच अर्थ होता, तो म्हणजे मोबाईलची रेंज. आणि ती गावात नव्हती. फोन लावायचा तर शाळेमागच्या पाण्याच्या टाकीचा जिना अर्धा चढून जावं लागे. ज्यांचे गुडघे गेले होते ते गावाबाहेर नाल्याच्या पुलावर जात. टॉवर मंजूर झाल्याचं सगळे ऐकून होते. पण त्याची जागा जंगलात मोडते की गावात, यावर दोन खात्यांचं एकमत होत नव्हतं, आणि तोवर त्या जागेवर रानडुकरं निवांत कंद उकरत होती.

त्यामुळे त्याच संध्याकाळी सरपंच ललिताबाई मडावी साहेबांच्या अंगणात येऊन उभ्या राहिल्या. मागे लहानू, आणि लहानूच्या मागे अर्धी गल्ली.

"साहेब, तुमी गावात नेटवर्क लावून राह्यले म्हणे?"

साहेबांनी खुलासा करायला तोंड उघडलं. खरोखर उघडलं, त्यांची बायको नीलिमा दारात उभी होती, तिने पाहिलं. पण तेवढ्यात ललिताबाई म्हणाल्या, "मी कचेरीत खेटे घालू घालू थकली. कोणी केलं नाई. आपल्या गावचा माणूस करून राह्यला, ऐकून डोळ्यांत पाणी आलं बाप्पा."

साहेबांचं उघडलेलं तोंड मिटलं. मग ते पुन्हा उघडलं आणि त्यातून निघालं, "प्रयत्न चालू आहे."

"फोरजी की फायजी?" गर्दीतून कोणीतरी विचारलं.

"इथरनेट," साहेब म्हणाले. हे अगदी खरं होतं; कार्डाच्या वायरीच्या जोडणीला तेच म्हणतात.

लोक एकमेकांकडे पाहू लागले. "पाचच्याही वरचं असन," लहानू हळूच म्हणाला.

मंडळी गेल्यावर नीलिमाने चहाचे कप गोळा करता करता विचारलं, "तुमी सांगितलं काऊन नाई?"

"सांगणार आहे. योग्य वेळ पाहून."

"योग्य वेळ आताच गेली, फाटकातून. मागून आवाज द्या."

साहेबांनी आवाज दिला नाही. मान अशी गोष्ट आहे की ती चुकून अंगावर पडली तरी झटकून टाकावीशी वाटत नाही. पिसासारखी वाटते. ती गोमाशी आहे हे नंतर कळतं.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. शेजारी आपापल्या घराकडे बोट दाखवून "त्याचं तोंड इकडं ठेवा" असं सांगून जाऊ लागले. एकाने घराचं छत देऊ केलं, दुसऱ्याने आंब्याचं झाड. एका गुरुजींनी, याने चिमण्या मरतात असं आपण वाचलं असल्याचं सांगितलं आणि जाताना विचारलं, की चिमण्या मरेपर्यंत सिनेमा नीट दिसेल ना. टपरीवाल्या विक्कीने सगळ्यांच्या आधी साहेबांना चहा द्यायला सुरुवात केली. घाईघाईने वर्कशॉपला जाताना साहेबांना नमस्कार येऊ लागले आणि साहेबही मान तुकवू लागले, जराशी, कामाच्या ओझ्याखाली तुकवावी तशी.

तिसऱ्या घरातली बायनाबाई मात्र सल्ला द्यायला आली नाही. ती पदराखाली अंडी घेऊन आली. घरच्या कोंबडीची.

"तुमाले डोक्याचं काम हाय साहेब, खाऊन घ्या," ती म्हणाली. तिची मुलगी रिना भामरागडकडच्या एका गावी नर्स होती आणि तिला सातवा महिना लागला होता. रविवारी रिना तिकडून फोन करी, आणि लहानू बायनाबाईला स्कूटीवर बसवून पुलापर्यंत नेई. "आता पुलावर जायाचं काई काम नाई. मी घरीच बसून पोरीशी बोलन. लहानूलेबी सांगून देल्लं, तू नको येऊ म्हणून."

नीलिमाने त्या अंड्यांचं ऑम्लेट करून साहेबांच्या ताटात वाढलं आणि समोर बसून राहिली. साहेबांनी पहिला घास घेतला. तो गिळायला त्यांना पाणी लागलं, आणि दुसऱ्याला तांब्या.

"उद्या सांगतो," ते म्हणाले.

पण उद्या कार्ड आलं. डब्याची पाठ उघडून साहेबांनी ते बसवलं, वायर जोडली, आणि आकडे भरायची वेळ आली. या मशिनींच्या दुनियेत प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता द्यावा लागतो. सोबत आलेलं जाड पुस्तक इंग्रजीत होतं. साहेबांनी त्याचं मुखपृष्ठ काळजीपूर्वक वाचलं. मग ऑफिसातला कॉम्प्युटर नीट चालतो, म्हणजे त्याचा पत्ता शुभ असणार, असा विचार करून तोच पत्ता त्यांनी कंट्रोलरलाही दिला. एका घरात दोन जावयांना एकच नाव असावं तशी गत झाली. शेठचा बिलांचा कॉम्प्युटर ठप्प झाला. प्रिंटर घोरू लागला. साहेबांनी पत्ता बदलला, मग पुन्हा बदलला, मग पहिला कोणता होता ते विसरले. यात जो आठवडा गेला त्यात गावाला खरं सांगायला सवड मिळाली नाही, असं त्यांनी नीलिमाला सांगितलं. गावात कोणी विचारलंच तर ते म्हणत, "पत्त्याचा प्रॉब्लेम आहे." लोक मान हलवत. पळसटोल्याचा पत्ता सापडत नाही, ही तक्रार पोस्टमनचीही जुनीच होती.

इतक्यात ललिताबाईंनी एक काम करून टाकलं. तालुक्याच्या कचेरीतून टॉवरच्या जागेबद्दल पुन्हा एकदा विचारणा आली, तेव्हा त्यांनी अभिमानाने कळवलं, की आमच्या गावात नेटवर्कची सोय आमच्या इंजिनिअरनेच केली आहे, तुमच्या टॉवरवाचून आमचं काही अडलेलं नाही. कचेरीने इतक्या वर्षांत कधी दाखवली नव्हती ती चपळाई दाखवली आणि टॉवर दुसऱ्या गावाला देऊन टाकला.

ही बातमी साहेबांना टपरीवर कळली. त्यांच्या हातातला चहा बशीत सांडला, बशीतून पॅन्टवर. घरी गेल्यावर त्यांनी नीलिमाला सांगितलं, की आता सांगणं फार अवघड झालं आहे. नीलिमा म्हणाली, "मले वाटलंच होतं, तुमी अवघड होण्याचीच वाट पाहून राह्यले."

शेवटी आकडे जुळले. कार्डाचा दिवा हिरवा झाला, कॉम्प्युटरवर पहिला नट दिसला, आणि नूर मोहम्मद शेठने साहेबांना मिठी मारली. इथं थांबायचं. पण साहेबांना पडद्यावर आणखी एक पर्याय दिसला. त्याचा अर्थ असा होता, की बाहेरून परवानगी आल्याखेरीज गन चालू होऊ नये. हे साहेबांना फार जबाबदारीचं वाटलं. परवानगीवाचून काही चालणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. त्यांनी त्या चौकटीत खूण केली. परवानगी देणार कोण, हा प्रश्न मात्र त्यांना पडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गन बंद. ट्रकांची चाकं काढून जमिनीवर ठेवलेली, नट आवळता येईनात. हाताच्या पान्याने आवळले तर कंपनी गाड्या परत घेणार. मागून येणारे ट्रक रस्त्यावर उभे राहू लागले. ड्रायव्हर आधी हॉर्न वाजवू लागले आणि मग खाली उतरून साहेबांच्या नावाने बोलू लागले. डब्याच्या पडद्यावर फक्त 'लॉक' असं काहीतरी चमकत होतं आणि कालची चौकट कुठल्या पानावर होती ते साहेबांना काही केल्या आठवेना.

"प्रफुलभाऊ, पुण्याले फोन लावा," शेठ म्हणाले. आवाज शांत होता, म्हणून जास्त लागला.

पुण्याला फोन लावायचा म्हणजे टाकीवर जायला हवं. नेटवर्क बसवणारे उंदिरवाडे साहेब भर सकाळी रेंज शोधायला टाकीचा जिना चढले.

मशीनवाल्यांच्या हेल्पलाइनवर प्रणित नावाचा एक अतिशय सभ्य तरुण होता. "सर, तुम्ही आत्ता कंट्रोलरच्या समोर आहात का?" त्याने विचारलं.

"मी टाकीवर आहे."

"बरं," प्रणित म्हणाला. "मग समोर कोणाला तरी उभं कराल का?"

तशी माणसांची साखळी लागली. टाकीवर साहेब, टाकीखाली लहानू, चौकात टपरीवर विक्की, आणि वर्कशॉपच्या दारात शेठ. प्रणित बोले, साहेब ओरडत, लहानू त्यांच्याहून मोठ्याने ओरडे, विक्की पुढे ढकले.

"तिसरं पान उघडा!" साहेब ओरडले.

"तिसरं पान!" लहानू गरजला. नोकरीतला जुना आवाज त्याला परत आला होता.

थोड्या वेळाने विक्कीचा निरोप उलटा आला, की शेठ विचारून राह्यले पान कोणाले पाह्यजे, मीठा की सादा.

"सर, मॅन्युअल वाचलंय ना तुम्ही?" प्रणितने मध्येच विचारलं. साहेबांनी आवाज येत नसल्याचं सांगितलं.

इकडे गावाने पाहिलं ते एवढंच, की साहेब टाकीवर चढले आहेत, कानाला फोन आहे आणि खाली लहानू आरोळ्या देतो आहे. याचा अर्थ एकच होता. बघता बघता टाकीखाली गाव जमा झालं. ललिताबाई झेंडूचा हार घेऊन आल्या. तो त्यांनी आदल्या दिवशीच चामोर्शीहून आणून पाणी मारून ठेवला होता. सगळ्यात पुढे कोणीतरी खुर्ची टाकली आणि तिच्यावर बायनाबाई बसली, फोन दोन्ही हातांत धरून, त्याच्याकडे पाहत, दूध उतू जाण्याची वाट पाहावी तशी.

साहेबांनी वरून ते पाहिलं. ही गर्दी आपल्यासाठी आहे, हे पाहून कधीकाळी त्यांना फार बरं वाटलं असतं. त्यांनी कठडा धरला.

"साहेब, लागलं का?" ललिताबाईंनी खालून विचारलं.

"ललिताबाई, हे ते नेटवर्क नाही," साहेब म्हणाले. पण ते इतक्या हळू म्हणाले, की जिन्यालाही ऐकू गेलं नसेल.

"काय म्हणते?" लहानूने कानामागे हात धरला.

"हे ते नेटवर्क नाई!" साहेब ओरडले. शुद्ध भाषा केव्हाच टाकीवरून खाली पडली होती. "मोबाईलचं नाई हाय! नट आवळाच्या मशीनचं हाय! मी तुमाले पह्यल्याच दिवशी सांगाले पाह्यजे होतं, नाई सांगितलं! चुकलं माहं!"

लहानू क्षणभर थिजला. पण इतक्या वर्षांची सवय. त्याने चौकाकडे तोंड केलं आणि खणखणीत आवाजात पुढे दिलं, "साहेब म्हणतात, मोबाईलचं नाई, नटाचं हाय! चुकलं म्हणतात!" विक्कीने ते आणखी पुढे दिलं. शेठपर्यंत गेलं. शेठच्या मागे उभ्या असलेल्या ड्रायव्हरांपर्यंत गेलं. कबुलीजबाब असा आष्टी रोडवर दूरपर्यंत पोचला.

"सर," प्रणित कानात म्हणाला, "हे मला सांगत होतात का?"

खाली कोणी हसलं नाही. हसले असते तर साहेबांना आवडलं असतं. सगळे नुसते वर पाहत होते. ललिताबाईंच्या हातातला हार खाली लोंबला.

नेमक्या त्याच वेळी रस्त्यावरच्या ट्रकांमागे आलापल्लीहून आलेली बस अडकली होती. तिच्यातून एक बाई उतरून, पोटाखाली हात धरून, होईल तितक्या झपाझप गावात येत होती. ती बायनाबाईची रिना. दोन रविवार तिने फोन लावला होता. दोन्ही रविवारी फोन लागला नव्हता. तिसऱ्याची वाट न पाहता ती निघाली होती. आणि टाकीजवळ येऊन पाहते, तर सगळं गाव जमलेलं, सगळे गप्प, आणि सरपंचबाईंच्या हातात हार.

"माय वं!" रिनाने हंबरडा फोडला.

बायनाबाईने दचकून फोन कानाला लावला. तिचा चेहरा उजळला. "हालो! हालो, रिना! लागलं वं बाई, लागलं!" ती आनंदाने वर पाहून ओरडली, "साहेब, लागलं! आवाज एकदम साफ येऊन राह्यला!"

गर्दी बाजूला झाली. बायनाबाईने फोन कानाला तसाच धरून मान वळवली.

पुढचं साहेबांनी पाहिलं नाही. ते जिन्यावर बसले होते आणि त्यांनी तोंड भिंतीकडे केलं होतं. त्यांना फक्त ऐकू आलं, दोघींचं रडणं, ललिताबाईंचं "पाणी आणा वं कोणी", आणि कोणीतरी रिनाला सगळी हकिकत सांगत होतं ते. प्रणित बिचारा अजून फोनवर होता. त्याने पुन्हा एकदा चौकट कुठे आहे ते सांगितलं. साहेबांनी ते भिंतीकडे तोंड ठेवूनच सांगितलं, लहानूने पुढे दिलं. थोड्या वेळाने वर्कशॉपातून गनचा घरघर आवाज आला आणि चौकातून विक्की ओरडला, "हिरवा दिवा लागला!"

टाकीखाली कोणी तिकडे मान वळवून पाहिलं नाही.

साहेब खाली उतरले तेव्हा रिना खुर्चीवर बसली होती आणि बायनाबाई तिला पदराने वारा घालत होती. साहेब समोर जाऊन उभे राहिले. त्यांनी काही वाक्यं जुळवली होती; ती जिन्यातच राहिली.

"मले वाटलं माय गेली," रिना म्हणाली. तिने आवाज चढवला नाही. "बसमधी बसल्या बसल्या मी तिचं सगळं आटोपून टाकलं होतं साहेब. कोणाले बलवाचं, कुठी न्याचं, सगळं."

साहेबांनी हात जोडले. ललिताबाईंनी हार पुन्हा पिशवीत घातला आणि त्या घरी गेल्या.

पुढचे कितीतरी दिवस साहेब तालुक्याच्या कचेरीत जात होते, गावाचा टॉवर परत मागायला. तिथल्या बाबूला एकच अडचण होती. नेटवर्क नसलेल्या गावात नेटवर्क आलं, हे दाखवता येतं. नेटवर्क आलेल्या गावातून ते गेलं, हे दाखवायची सोय त्यांच्याकडे नव्हती. "गेलं कुठे?" तो विचारी. "आलंच नव्हतं," साहेब म्हणत. "मग आलं असं कोणी सांगितलं?" त्यावर साहेब आपल्याच छातीवर बोट ठेवत. हे त्यांना दर टेबलावर नव्याने करावं लागे. ललिताबाई सोबत असत, पण बोलत नसत. एकदा परतताना त्यांनी साहेबांना अर्धा समोसा दिला. बाबू अजून 'पाहतो' म्हणतो आहे.

रिना पाच-सहा दिवस राहून परत गेली. त्यानंतरच्या रविवारी साहेबांनी आपली मोटरसायकल पुसली, बायनाबाईच्या दाराशी नेली आणि हॉर्न न वाजवता उभे राहिले. बायनाबाई बाहेर आली. तिने मोटरसायकलकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, मागे बसली आणि आधाराला त्यांचा खांदा धरला.

पुलावर रेंज एकाच टोकाला येते, तीही कठड्याच्या बाहेर हात काढला तर. बायनाबाईचा हात तिथवर पोचेना, म्हणून फोन साहेबांनी धरला. स्पीकर लावला. खाली नाल्याला थोडं पाणी होतं. रिनाचा आवाज आला. तब्येत कशी, पाय सुजतात का, लोहाच्या गोळ्या घेते का, सगळं झालं.

मग रिनाने विचारलं, "अन् माय, तो नेटवर्कवाला साहेब? तोंड दाखवते का गावात अजून?"

बायनाबाईने साहेबांकडे पाहिलं. साहेब नाल्याकडे पाहत होते.

"दाखवते ना वं," ती म्हणाली. "इथीच हाय. फोन त्यानंच धरला हाय."

साहेबांचे कान तापले. आपण काहीतरी म्हणावं असं त्यांना वाटलं, पण तेवढ्यात रेंजची एक काडी कमी झाली, आणि त्यांनी मान खाली घालून हात आणखी थोडा बाहेर काढला.